गाडीला पंख कशाला?

चहाचा कप हातात असेल तर उत्तम. आणि घरात नुकतीच गाडी चालवायला लागलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्यांनाही हाक मारा. आजचा भाग त्यांच्यासाठी आहे, आणि ते गाडी घेऊन बाहेर पडले की घड्याळाकडे बघत बसणाऱ्या आपल्यासाठीही आहे.

झालं असं, की इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या आपल्या एका श्रोत्या ताईंनी आवाजी निरोप पाठवला. त्यांचा मुलगा १८ वर्षांचा. ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन चार महिने झाले. शनिवार-रविवार काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी हॅचबॅक घेतली, आणि आता त्याला तिच्या मागे मोठी विंग बसवायची आहे. बाबा म्हणतात, "हा नुसता दिखाऊपणा आहे." मुलगा म्हणतो, "बाबा, त्याने गाडी रस्त्याला चिकटून राहते. वळणावर जास्त सेफ होते. फॉर्म्युला वनवाले काय वेडे आहेत का?" रोज जेवणाच्या टेबलावर हाच विषय. आणि ताई शेवटी म्हणतात, "मला त्यातलं काही कळत नाही. पण त्याने माझा मुलगा खरंच सुरक्षित होणार असेल, तर विंगचे पैसे मी देते."

ताई, तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी आजचा हा भाग. उत्तर आधीच सांगून टाकतो. मुलाचं विज्ञान बरोबर आहे, त्याचा हिशेब चुकला आहे. आणि हा हिशेब पंखांचा नाही, वेगाचा आहे. कसा, ते आता सावकाश बघू.

सुरुवात टायरपासून करू या. हजार-बाराशे किलोची गाडी रस्त्याला किती जागेवर टेकलेली असते? चार टायर, आणि प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण आपल्या पंज्याएवढा. चार पंजे, बस. वळणं, थांबणं, वेग घेणं हे सगळं त्या चार ठिकाणच्या घर्षणावर चालतं. त्या घर्षणालाच आपण ग्रिप म्हणतो.

घर्षण कशावर ठरतं? घरातली लोखंडी ट्रंक आठवा. रिकामी असली की पायाने ढकलली तरी सरकते. गोधड्या भरून ठेवली की दोघांनी जोर लावला तरी हलत नाही. जमीन तीच, ट्रंक तीच. खाली दाबणारा भार वाढला, म्हणून पकड वाढली. टायरचंही तसंच आहे. रस्त्यावर जितका जास्त दाबला जाईल, तितकी जास्त पकड.

मग कोणी हुशार म्हणेल, गाडीत वाळूच्या चार गोणी टाका की! तसं करून चालत नाही, आणि का चालत नाही यातच सगळी गंमत आहे. गोणी टायरला खाली दाबते हे खरं. पण वळणावर त्या गोणीलाही वळवावं लागतं. घाटात एसटीने वळण घेतलं की उभे प्रवासी कसे बाहेरच्या बाजूला कलंडतात, आठवतं ना? वजनाला सरळच जायचं असतं. म्हणजे गोणीने पकड वाढवली आणि त्या पकडीवरचं कामही वाढवलं. हाती काही उरलं नाही.

आपल्याला हवंय असं काहीतरी, जे गाडीला खाली दाबेल पण जिचं स्वतःचं वजन वळवावं लागणार नाही. ते काम हवा करू शकते. हवेच्या या खाली दाबण्याला इंग्रजीत डाउनफोर्स म्हणतात. आपण त्याला अधोबल म्हणू. ग्रिप वाढवणारं, पण वजन न वाढवणारं बल.

आता हवा गाडीला खाली कशी काय दाबते? हा प्रयोग आपण सगळ्यांनी लहानपणी केलेला आहे, आणि त्याबद्दल कंडक्टरचा ओरडाही खाल्लेला आहे. एसटीच्या खिडकीबाहेर हात काढायचा. पंजा आडवा धरला की हवा त्याला कापत जाते. पंजाची पुढची कड थोडी वर केली की हात वर उचलला जातो. पुढची कड खाली केली की हात खाली ढकलला जातो. ही झाली विंग!

घडतं काय, तर पंजा येणाऱ्या हवेची दिशा बदलतो. पुढची कड खाली असेल, तर हवा हातावरून जाताना वर फेकली जाते. आपण एखादी गोष्ट वर फेकतो तेव्हा ती आपल्याला खाली ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया आणि प्रतिक्रिया. गाडीवरच्या सगळ्या पंखांचं, पट्ट्यांचं आणि पात्यांचं सार एका वाक्यात सांगायचं, तर हवेला वर फेका, म्हणजे हवा तुम्हाला खाली दाबेल.

विमानाचा पंख याच्या उलट करतो. तो हवेला खाली लोटतो आणि स्वतः वर जातो. म्हणून रेसिंग कारची विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून बसवलेला. त्याची फुगीर बाजू खाली असते. त्या फुगीर बाजूवरून हवा जास्त वेगाने जाते, तिथे हवेचा दाब कमी होतो. वरच्या बाजूला दाब जास्त राहतो. वरून जास्त दाब आणि खालून कमी, म्हणजे पंख खाली ओढला जाणारच. हवेला वर फेकणं आणि दाबातला फरक ही दोन वेगळी कारणं नाहीत, एकाच घटनेकडे बघण्याच्या दोन बाजू आहेत.

इथे एक दुरुस्ती करून घेऊ. आपल्यापैकी अनेकांना असं शिकवलं गेलं, की पंखापाशी दुभंगलेली हवा मागे पुन्हा एकाच वेळी भेटायला हवी, म्हणून लांबच्या वाटेने जाणारी हवा वेगाने धावते. हे खरं नाही. हवेच्या कणांनी एकमेकांना भेटीची वेळ दिलेली नसते! फुगीर बाजूची हवा प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूच्या हवेच्या आधीच पोचते.

आणखी एक प्रश्न येईल. पंखाला घासून जाणारी हवा वर फेकली जाते हे समजलं, पण खालच्या फुगीर बाजूची हवा पंखाला सोडून सरळ का जात नाही? तिला वर वळायची काय गरज? याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. नळ बारीक धारेने सोडा. एक चमचा दांडीच्या टोकाला दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. वाटतं की पाणी चमच्याला दूर ढकलेल. होतं उलटंच. चमचा धारेत ओढला जातो, आणि पाणी चमच्याच्या पाठीवरून वळून दुसऱ्याच बाजूला पडतं. वाहता प्रवाह फुगीर पृष्ठभागाला धरून वळतो, आणि वळताना त्या पृष्ठभागाला स्वतःकडे ओढतो. विंगच्या खालच्या बाजूला हवा हेच करते.

पण हे धरून राहणं हट्टाने होत नाही. विंग फार तिरकी केली, साध्या एकेरी विंगसाठी साधारण १५ अंशांच्या पुढे नेली, की हवा तिला सोडून देते आणि मागे नुसते भोवरे उठतात. मग अधोबल घटतं आणि गाडीला मागे खेचणारा विरोध मात्र वाढतो. जितकी तिरकी तितकी चांगली, असं नाही.

आता आपल्या साध्या गाडीकडे या. पार्किंगमध्ये उभी असलेली कुठलीही गाडी बाजूने बघा. खाली सपाट, वर फुगीर. बॉनेट, मग काच, छप्पर, पुन्हा उतार. म्हणजे चक्क विमानाच्या पंखाचाच आकार, आणि तोही सुलट! छपरावरून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि वेगात गाडी किंचित वर उचलली जाते. बहुतेक साध्या गाड्यांना असं थोडंसं उचलणारं बल असतंच. मोटरवेच्या वेगाला ते जाणवतही नाही. पण वेग फार वाढला की ते खेळ राहत नाही. १९९९ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत मर्सिडीजच्या सीएलआर गाड्या अक्षरशः हवेत उडाल्या. शर्यतीआधीच्या सरावात मार्क वेबर दोनदा, आणि शर्यतीत पीटर डंब्रेक. चढावरून जाताना नाक थोडं वर झालं, खाली हवा शिरली आणि गाडीच पंख झाली. नशिबाने दोघेही वाचले.

म्हणून गाडीवर जी जोडकामं दिसतात, त्यांत दोन प्रकार ओळखायला शिका. आपण सगळ्यांनाच सरसकट स्पॉयलर म्हणतो, पण स्पॉयलर आणि विंग वेगळे.

स्पॉयलर गाडीच्या अंगाला चिकटलेला असतो. डिकीच्या कडेवरची छोटी उभी पट्टी किंवा हॅचबॅकच्या छपराला पुढे काढलेली वळचण. मागे उतरू पाहणाऱ्या हवेला तो अडवतो, म्हणजे उचलणारं बल कमी करतो. कारखान्यातून आलेल्या हॅचबॅकवरचा छपराचा स्पॉयलर मुख्यतः हवेचा विरोध थोडा कमी करायला असतो. विंग मात्र खांबांवर उभी असते. तिच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा जायला हवी. नाहीतर ती विंग नाही, नुसती फळी.

पुढच्या बंपरखाली आडवी बाहेर आलेली पातळ फळी दिसते, ती स्प्लिटर. बंपरवर आपटून हवा साचते, तिचा दाब वाढतो आणि तो दाब त्या फळीवर वरून पडतो. फळीखालून हवा वेगाने निसटते, तिथे दाब कमी. म्हणून गाडीचं नाक खाली दाबलं जातं.

आणि मागच्या बंपरखाली उभ्या पट्ट्यांचा, वर चढत जाणारा जो भाग दिसतो, तो डिफ्यूझर. हा सगळ्यांत हुशार. गाडीच्या पोटाखालची जागा अरुंद असते. नदी अरुंद खिंडीत शिरली की पाणी कसं वेग घेतं, तशी हवा तिथे वेग घेते. आणि हवेने वेग घ्यायचा, तर पुढे दाब कमी असावाच लागतो, त्याशिवाय ती पुढे धावेल कशाला? म्हणजे पोटाखाली दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. डिफ्यूझर मागे जागा हळूहळू मोठी करत त्या हवेला शांतपणे बाहेर सोडतो, त्यामुळे पोटाखालून आणखी हवा खेचली जाते. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पण त्यासाठी गाडीचं पोट सपाट आणि जमिनीलगत असावं लागतं. साध्या गाडीखाली पाइप, टाकी, सायलेन्सर असा पसारा असतो. तिथे बंपरला प्लास्टिकचा डिफ्यूझर चिकटवला, तर तो फक्त मागून येणाऱ्याला दिसतो. हवेला तो कळतही नाही.

आता थोडा इतिहास, कारण यातला मोठा भाग इंग्लंडातच घडला. नॉरफोकमध्ये हेथेल नावाच्या गावी जुन्या विमानतळावर लोटस कंपनी आहे. तिचे संस्थापक कॉलिन चॅपमन. त्याआधी १९६६ मध्ये अमेरिकेत जिम हॉल यांनी आपल्या चॅपरल गाडीवर उंच विंग उभी केली होती. १९६८ मध्ये लोटसनेही फॉर्म्युला वनच्या गाडीवर तशाच उंच, काटकुळ्या खांबांवर विंग चढवल्या. गाड्या वळणांवर वेगवान झाल्या. आणि मग ४ मे १९६९ ला बार्सिलोनातल्या मोंजुईक पार्कच्या शर्यतीत, रस्त्याच्या एका उंचवट्यावर, लोटसच्या ग्रॅहम हिल यांच्या गाडीची विंग मोडली. गाडी कठड्यावर आदळली. थोड्याच वेळात त्याच ठिकाणी त्यांचा सहकारी योखेन रिंट याचीही विंग मोडली आणि त्याची गाडी हिल यांच्या मोडक्या गाडीवर जाऊन आदळली. हिल सहीसलामत सुटले, रिंट जखमी झाला. दोनच आठवड्यांनी मोनॅकोत अशा उंच विंगांवर बंदी आली.

यातला धडा नीट ऐका. पकड विंगमुळे वाढली होती, आणि चालक त्या वाढलेल्या पकडीच्या भरवशावर वेगात होता. विंग मोडली त्या क्षणी ती पकड गेली, वेग मात्र तसाच राहिला. उसन्या पैशांवर थाटलेला संसार सावकार दाराशी आला की मोडतो, तसं.

पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये लोटसच्या इंजिनिअरांनी गाडीच्या पोटाखालच्या हवेचं बळ ओळखलं, आणि १९७८ मध्ये लोटस ७९ या गाडीवर मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबम संघाने कमाल केली. मागे भलामोठा पंखा लावून त्यांनी गाडीखालची हवाच उपसून काढली. निकी लाउडा ती शर्यत जिंकला, आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. १९८३ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांचं पोट सपाट ठेवणं सक्तीचं झालं. २०२२ च्या नियमांनी पोटाखालचे बोगदे परत आणले, तेव्हा सरळ रस्त्यावर वेगात गाड्या बेडकासारख्या वरखाली उसळायला लागल्या. ज्यांनी ती दृश्यं टीव्हीवर पाहिली, त्यांना आता कारण कळलं असेल. गाडी खाली ओढली जाते, पोट रस्त्याच्या फार जवळ जातं, हवेची वाट बुजते, ओढ सुटते, गाडी वर येते, आणि पुन्हा ओढली जाते.

थोडक्यात, ताई, तुमचा मुलगा बरोबर बोलतो. फॉर्म्युला वनवाले वेडे नाहीत. सुमारे ८०० किलोची ती गाडी पूर्ण वेगात असताना हवा तिला तिच्या वजनाहूनही जास्त बळाने खाली दाबते.

मग चुकलं कुठे? आता कागद-पेन्सिल घ्या.

अधोबल वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तर बल चौपट. वेग तिप्पट, तर बल नऊपट. उलटं बघा. वेग निम्मा झाला, तर बल पाव उरतं. एक चांगली विंग धरू, १.४ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद. नीट बनवलेली, योग्य कोनात आणि मोकळ्या, सरळ हवेत. ती किती दाबेल?

ताशी ३० मैलांना, म्हणजे आपल्या गावातल्या वेगाला, जेमतेम ४ किलो. तांदळाची पाच किलोची पिशवीसुद्धा नाही.

ताशी ७० मैलांना, म्हणजे मोटरवेवरच्या कायद्याने दिलेल्या कमाल वेगाला, साधारण २१ किलो. भारतात जाताना आपण जी २३ किलोची एक बॅग चेक-इन करतो ना, तिच्याहूनही थोडं कमी.

ताशी १५० मैलांना मात्र साधारण ९६ किलो. म्हणजे चार बॅगा. पण ताशी १५० मैल हा वेग या देशात सार्वजनिक रस्त्यावर कोणासाठीच नाही.

आता त्या २१ किलोंनी वळणावर काय मिळतं? गाडी ११५० किलोची धरली आणि ते बल चारही चाकांना सारखं मिळालं असं मानलं, तर ज्या वळणावर गाडी ताशी ७० मैलांना घसरायला लागली असती, तिथे ती आता ताशी ७०.६ मैलांना घसरेल. पाऊण मैलही नाही. आणि ताशी ३० मैलांच्या वळणावर फरक आहे एका मैलाच्या विसाव्या भागाचा. स्पीडोमीटरच्या काट्यालाही तो दाखवता येणार नाही.

आणि हे झालं विंग मोकळ्या हवेत असेल तर. हॅचबॅकचं छप्पर मागे एकदम संपतं. तिथली हवा आधीच गढूळ, भोवऱ्यांची झालेली असते. त्या भोवऱ्यांत बसवलेल्या विंगला याहून कमी मिळतं.

बरं, बल सगळ्या चाकांना सारखं मिळत नाही, हा तर आणखी मोठा मुद्दा. कावड डोळ्यांसमोर आणा. एकाच टोकाला घागर लावली तर दुसरं टोक वर जातं. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेली विंग शेपूट दाबते, आणि तितकंच थोडंसं नाक हलकं करते. तुमच्या मुलाच्या हॅचबॅकमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. वळवणं पुढच्या चाकांचं, ब्रेकचं बहुतेक काम पुढच्या चाकांचं. ज्या चाकांवर सगळा संसार, त्यांचाच भार हलका करायचा? अशी गाडी वेगात वळणावर नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. म्हणून शर्यतीचे इंजिनिअर मागे विंग लावली की पुढे स्प्लिटर लावतातच, आणि दोन्हींचा तोल मोजून घेतात. आपण ऑनलाइन मागवून चार स्क्रूंवर बसवतो, तेव्हा हे मोजमाप कोणीच केलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग कंपन्या स्वतः स्पॉयलर का लावतात? एक खरं उदाहरण सांगतो. १९९८ मध्ये ऑडीने टीटी ही गाडी बाजारात आणली. देखणी, घडीव, मागून गुळगुळीत गोल. जर्मनीच्या ऑटोबानवर फार मोठ्या वेगात काही अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि मागे एक छोटा स्पॉयलर बसवला. पण तेवढ्यावर भागवलं नाही. सस्पेन्शनही बदललं आणि घसरण सावरणारी ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली. स्पॉयलर हा उपायाचा एक भाग होता, सगळा उपाय नव्हता.

तर मग आपल्या पोराला रस्त्याला खरंच काय चिकटवून ठेवतं? जिथून सुरुवात केली तिथेच परत येतो. ते चार पंजे, टायर. नव्या टायरच्या नक्षीच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. ब्रिटनमध्ये कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागतात. पावसात त्या खाचा पाणी बाहेर फेकतात. झिजल्या, की टायर पाण्यावर तरंगायला लागतो, आणि मग वर कितीही मोठी विंग असो. तपासायला २० पेन्सचं नाणं पुरतं. खाचेत उभं घाला. नाण्याची बाहेरची कड दिसत असेल, तर टायरवाल्याला दाखवून घ्या. दर टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट होऊ शकतात. नव्या चालकाला टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले, की परवाना रद्द होतो. म्हणजे दोन गुळगुळीत टायर, आणि पुन्हा पहिल्यापासून टेस्ट.

दुसरी गोष्ट अंतराची. हायवे कोडप्रमाणे कोरड्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून थांबायला २३ मीटर लागतात, आणि ताशी ७० वरून ९६ मीटर. वेग दुप्पटीहून थोडा जास्त, अंतर चौपटीहून जास्त. हा तोच वर्गाचा नियम बरं का! विंगला ज्या नियमाने बळ मिळतं, त्याच नियमाने धडकेचा मारही वाढतो. आणि पाऊस असेल तर पुढच्या गाडीपासून किमान दुप्पट अंतर ठेवा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. गाडीत केलेला कुठलाही बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. विंगही त्यात आली. न कळवता बसवली, आणि उद्या काही झालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. १८ वर्षांच्या मुलाचा विमा आधीच किती महाग असतो हे ज्यांनी भरलाय त्यांना विचारा. आणि सैल बसलेला किंवा धारदार कडांचा भाग वार्षिक एमओटी तपासणीतही अडवतो.

ताई, आता तुमच्या घरातल्या भांडणाचा निवाडा. मुलाला "हा दिखाऊपणा आहे" असं म्हणू नका. त्याने प्रश्न बरोबर विचारला आहे आणि त्यामागचं विज्ञान शंभर टक्के खरं आहे. त्याला हिशेब दाखवा. ३० मैलांना ४ किलो, ७० मैलांना २१ किलो. आणि मग सांगा, "विंगला मी जे पैसे देणार होते, ते चार चांगल्या टायरांना देते." ते टायर त्याला पहिल्या मैलापासून, प्रत्येक राउंडअबाउटवर, नोव्हेंबरच्या पावसात सांभाळतील. विंगची सगळ्यांत मोठी भीती तिच्या वजनाची नाही. "आता माझी गाडी चिकटून राहते" या विश्वासाची आहे. त्या विश्वासाने तो वळणावर पाच मैल जास्त वेगाने शिरेल, आणि विंग त्याला अर्धाच मैल देईल. उरलेले साडेचार मैल कोण देणार?

आणि आवड असेल, तर तिला खरी वाट आहे. इंग्लंडमध्ये दर उन्हाळ्यात सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला स्टुडंट ही स्पर्धा भरते. विद्यापीठाचे विद्यार्थी स्वतः एकेरी गाडी बनवतात, पंखांसकट, आणि ते पंख का लावले, किती दाबतात हे परीक्षकांसमोर आकडे मांडून सिद्ध करतात. पुढच्या वर्षी बाबांनी त्याला तिथे घेऊन जावं. वाटेत बोलणंही होईल.

तोवर एक प्रयोग आजच करून बघा. बाप-लेकाने मिळून करावा असा आहे. एक पोस्टकार्ड घ्या. दोन पेन्सिलींचे खांब करून ते एका जड डब्यावर तिरकं बसवा, पुढची कड खाली आणि मागची वर. डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून समोरून कार्डावर आडवी हवा सोडा. काट्यावर काही ग्रॅम वाढलेले दिसतील. ड्रायर कमी वेगावर करा, आकडा एकदम पडेल. कार्डाच्या मागे लोकरीचा एक धागा धरा, तो वर उडेल. हवा वर फेकली जाते, पंख खाली दाबला जातो, हे डोळ्यांनी दिसेल.

आणि त्या काट्यावरचे ग्रॅम बघून मुलगा स्वतःच म्हणाला, "एवढंच?" तर समजा, भांडण मिटलं.

तुमच्या घरात काट्यावर किती आकडा आला ते आम्हाला नक्की कळवा. आणि आज कोणी गाडी घेऊन बाहेर पडणार असेल, तर निघण्याआधी दोन मिनिटं वाकून टायर बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!